ध्रुवाची सफर आणि तापीचा कांठ

उत्तर ध्रुवाचें नांव मराठी वाचकांस अगदींच परकें नाहीं. लोकमान्य टिळकांनीं सन १९०३ मध्यें 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आर्यांचें मूळ वसतिस्थान ध्रुवप्रदेशांत असावें, असें वेदांतील वर्णनांवरून प्रतिपादन केलें. तें मत आजच्या संशोधकांस मान्य नाहीं. परंतु ज्या प्रदेशांत सूर्य कित्येक आठवडे मावळत नाहीं, त्याविषयीं त्या काळीं येथील विद्वानानें केवळ ग्रंथांच्या आधारें विचार करावा, हें स्वाभाविकच होतें. कारण तेथें जाण्याचें साधन सामान्य माणसापाशीं नव्हतें. आज तें आहे. विमानानें नॉर्वे देशांत, तेथून स्वालबार्ड द्वीपसमूहांतील लाँगियरबायन गांवीं, आणि पुढें जहाजानें थेट तरंगत्या बर्फाच्या कडेपर्यंत, अशी सफर पैसे भरणाऱ्या कोणासही करतां येते.

यांपैकीं कांहीं सफरींचा हेतु मौज हा नसून हवामानबदलाचें शिक्षण हा आहे, असें सांगण्यांत येतें. जहाजावर शास्त्रज्ञांचीं व्याख्यानें होतात. लहान रबरी होड्यांतून प्रवाशांस हिमनद्यांच्या तोंडाशीं नेण्यांत येतें. आणि बर्फाचे कडे समुद्रांत कोसळतांना ते स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतात. आपल्या खानदेशांतील एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या मनांत अशा सफरीची इच्छा उत्पन्न झाली, तर पालकांनीं काय म्हणावें? आणि ज्यांस ती कधींच परवडणार नाहीं, त्या बहुसंख्य मुलांनीं आपण एका मोठ्या शिक्षणास मुकलों असें समजावें काय? या दोन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम हें स्पष्ट केलें पाहिजे कीं, तेथें पाहण्यासारखें जें आहे तें अत्यंत गंभीर आहे. सन १९७९ पासून उपग्रहांच्या साहाय्यानें उत्तर समुद्रावरील बर्फाची मोजणी होत आली आहे. उन्हाळा संपतां संपतां, म्हणजे सप्टेंबर महिन्यांत, हा बर्फ सर्वांत कमी असतो. सन १९७९ च्या सप्टेंबरांत तो सुमारें ७० लक्ष चौरस किलोमीटर होता. सन २०१२ च्या सप्टेंबरांत तो सुमारें ३४ लक्ष चौरस किलोमीटर उरला. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या अकरापटींहून अधिक होय. त्यानंतरच्या वर्षांत बर्फ कधीं थोडा अधिक टिकला, कधीं कमी. परंतु पूर्वीच्या आकड्यापर्यंत तो पुन्हां पोंचला नाहीं. सन १९७९ पासूनच्या काळांत ध्रुवप्रदेश साऱ्या जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानें तापला आहे.

याचें एक कारण आपल्या मुलांस सहज समजेल. वैशाखांतील उन्हांत पांढरा सदरा आणि काळा सदरा घालून उभें राहिलें असतां कोणता अधिक तापतो, हें कोणासही सांगावें लागत नाहीं. ताज्या हिमानें झांकलेला बर्फ हा पृथ्वीचा पांढरा सदरा होय. अंगावर पडलेल्या उन्हापैकीं शेंकडा ८० हून अधिक भाग तो परत आकाशाकडे धाडतो. तो बर्फ वितळून खालील काळेंभोर पाणी उघडें पडलें, कीं तेंच पाणी शेंकडा ९० हून अधिक ऊन शोषून घेतें. पाणी तापलें म्हणजे आणखी बर्फ वितळतो, आणि आणखी बर्फ वितळला म्हणजे पाणी आणखी तापतें. असें हें रहाटगाडगें एकदां फिरूं लागलें, म्हणजे त्यास थांबविणें सोपें नाहीं.

"हें सारें खरें, पण तो बर्फ कोठें आणि आपण कोठें?" असें कोणी म्हणेल. जळगांव व धुळें हीं शहरें एकविसाव्या अक्षांशाच्या आसपास वसलेलीं आहेत, आणि लाँगियरबायन अठ्ठ्याहत्तराव्या अक्षांशापलीकडे. परंतु वारा अक्षांशांच्या रेघा जाणत नाहीं. गोव्यांत वास्को द गामा येथें ध्रुव व महासागर यांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनीं सन २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत असें सुचविलें कीं, उत्तरेकडील कारा समुद्रावरचा उन्हाळी बर्फ घटणें आणि आपल्याकडे पावसाळा संपत आला असतां अकस्मात् अतिवृष्टि होणें, यांचा परस्परसंबंध असूं शकेल. "असूं शकेल" हे शब्द त्यांनीं जपून वापरले आहेत, आणि आपणही ते तितकेच जपून घ्यावे. तथापि कपाशीचीं बोंडें फुटण्याच्या सुमारास पडलेला पाऊस म्हणजे काय, हें खानदेशांतील शेतकऱ्यास कोणत्याही शास्त्रज्ञाहून अधिक ठाऊक आहे. सरकी झाडावरच उगवते, रुई काळवंडते, आणि वर्षाचा हिशेब एका आठवड्यांत बिघडतो. तसेंच रावेर-यावल भागांतील केळीच्या बागांचें. पारा ४५ अंशांच्या वर गेला, कीं पानें करपतात व घड सटकतात. तेव्हां ध्रुवाचा प्रश्न हा आपल्याही घरचा प्रश्न आहे.

आतां सफरीच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें प्रामाणिकपणें म्हटलें पाहिजे. पाहिल्यानें जी खूण पटते ती ऐकल्यानें पटत नाहीं. रॉबर्ट स्वॉन या इंग्रज प्रवाशानें सन १९८६ मध्यें दक्षिण ध्रुव व सन १९८९ मध्यें उत्तर ध्रुव पायीं चालून गांठला. दोन्ही ध्रुव असे पायीं गांठणारा तो पहिला मनुष्य होय. पुढें त्यानें संस्था काढून देशोदेशींच्या तरुणांस ध्रुवप्रदेशाच्या सफरीवर नेण्याचा उद्योग आरंभिला. अशा सफरींतून परतलेल्यांपैकीं कित्येकांनीं आपलें आयुष्य या कार्यास वाहिलें असेल, यांत शंका घेण्याचें कारण नाहीं. कळकळ ही सुद्धां एक शक्ति आहे, आणि ती कोठून उत्पन्न व्हावी याचा नियम नाहीं.

परंतु दुसरी बाजू पाहण्यासाठीं आपणांस फार दूर जावयाचें नाहीं. धुळें जिल्ह्यांतील पांझरेच्या कांठापर्यंत गेलें म्हणजे पुरे. तेथील फडपद्धति शेंकडों वर्षांची आहे. नदीवर बंधारा घालावयाचा, पाटानें पाणी आणावयाचें, बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडावयाचे, कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावयाचें हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, आणि पाटकऱ्यानें ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणें पाणी द्यावयाचें, अशी ती व्यवस्था. तिचें सारें मर्म एका गोष्टींत आहे: पाटाच्या तोंडाशीं ज्याचें शेत आहे, त्यानें शेवटच्या शेताची आठवण ठेवली पाहिजे. त्यानें मनास येईल तितकें पाणी घेतलें, तर शेवटच्याचें पीक वाळेल.

हवेचें आवरण हा साऱ्या जगाचा असाच एक पाट आहे. कोळसा व तेल जाळून जो कार्बन डायऑक्साइड वायु आपण हवेंत सोडतों, तो कोणाच्या कुंपणाआड राहत नाहीं. एका भारतीय माणसाच्या वांट्यास सरासरीनें वर्षाला सुमारें २ टन असा वायु येतो. मुंबईहून स्वालबार्डपर्यंत विमानानें जाऊन-येऊन, वर जहाजाची सफर करणारा एक प्रवासी तितकाच किंवा त्याहून अधिक वायु एका पंधरवड्यांत आपल्या नांवें लिहितो. बर्फ कां वितळतो हें शिकण्यासाठीं तो वितळविणारें इंधन जाळावें, हा व्यवहार पाटाच्या तोंडाशीं बसून शेवटच्या शेताची कींव करण्यासारखा आहे. या सफरींचा उपद्रव नॉर्वेच्या सरकारासही जाणवला. सन २०२५ च्या आरंभापासून स्वालबार्डमधील संरक्षित प्रदेशांत जाणाऱ्या जहाजावर २०० हून अधिक प्रवासी नसावे, आणि कांहीं ठराविक जागींच त्यांनीं किनाऱ्यावर उतरावें, असे नियम तेथें लागू झाले आहेत.

याहूनही महत्त्वाचा मुद्दा ज्ञानाचा आहे. हिमनदीचा कडा कोसळतांना पाहिला, तर भय वाटेल, विस्मय वाटेल. परंतु तो कडा पूर्वीही कोसळत असे काय, आणि आतां अधिक कोसळतो काय, हें एका दृष्टिक्षेपांत कोणासही कळणार नाहीं. तें कळण्यास जुन्या नोंदी लागतात. डोळा आज काय आहे तें सांगतो; काय बदललें तें वहीच सांगते. अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यानें सन १९५८ मध्यें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर हवेंतील कार्बन डायऑक्साइडचें माप घेण्यास आरंभ केला. तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत तो वायु सुमारें ३१५ भाग होता. आज तो ४२० हून अधिक आहे. दरवर्षीं थोडी थोडी वर चढणारी ही एक रेघ जगास जितकें शिकवून गेली, तितकें हजार सफरींनीं शिकविलें नसतें. आणि ती रेघ काढण्यास लागलें काय? एकाच जागीं, एकाच पद्धतीनें, न कंटाळतां माप घेण्याची चिकाटी.

आपल्या देशाचें ध्रुवकार्यही याच रीतीचें आहे. सन १९८१ च्या डिसेंबरांत आपली पहिली तुकडी गोव्याहूनच जहाजानें दक्षिण ध्रुवप्रदेशाकडे निघाली. उत्तरेकडे पहिली तुकडी सन २००७ मध्यें गेली, आणि सन २००८ च्या जुलैंत स्वालबार्डमधील नी-ऑलेसुंद या गांवीं 'हिमाद्रि' हें भारतीय संशोधनकेंद्र उघडलें. सन २०१४ मध्यें तेथील खाडीच्या पाण्यांत भारतीय उपकरणें सोडण्यांत आलीं. समुद्राचें तपमान व क्षारता यांची नोंद घेणें हें त्यांचें काम. सन २०२३ च्या डिसेंबरापासून आपले शास्त्रज्ञ तेथें ध्रुवीय रात्रींतही राहूं लागले. ज्या हिंवाळ्यांत कोणतेंही सफरी जहाज तिकडे फिरकत नाहीं, त्या अंधारांत बसून आंकडे लिहिणें यास मी खरी ध्रुवयात्रा म्हणतों. विशेष हें कीं, नी-ऑलेसुंद हें मूळचें कोळशाच्या खाणीचें गांव. सन १९६२ मध्यें तेथील खाणींत स्फोट होऊन २१ माणसें मृत्यू पावलीं व खाणकाम बंद पडलें. जेथें कोळसा खणीत, तेथेंच आज कोळशाच्या धुराचा परिणाम मोजतात. आपल्या भुसावळजवळ दीपनगर येथें वीज कोळशावरच निघते, आणि त्या विजेचा दिवा लावून आपण अभ्यास करतों, हें ध्यानीं घेतलें म्हणजे इतरांस दोष देतांना आपला स्वरही थोडा नम्र होईल.

म्हणून विद्यार्थिमित्रांस माझें सांगणें असें. ध्रुवप्रदेश पाहण्याची इच्छा अवश्य धरा. परंतु प्रवासी म्हणून जाण्यापेक्षां अभ्यासक म्हणून जाण्याची धरा. गोव्याच्या संस्थेचा दरवाजा पदार्थविज्ञान, रसायन, भूगर्भशास्त्र, गणित यांच्या किल्ल्यांनीं उघडतो. श्रीमंतीच्या किल्लीनें नव्हे. आणि त्या अभ्यासाचा पहिला धडा शाळेच्या आवारांतच घेतां येतो. एक पर्जन्यमापक व सावलींत टांगलेला एक तापमापक एवढें साहित्य पुरे. रोज सकाळीं साडेआठ वाजतां पावसाची नोंद घ्यावी, कारण हवामानखातेंही त्याच वेळीं घेतें. सोबत विहिरीचें पाणी किती खोल गेलें, पळस केव्हां फुलला, आंब्यास मोहोर कोणत्या तारखेस आला, गारपीट कधीं झाली, पहिलें बोंड केव्हां फुटलें, हेंही लिहावें. एका वर्षाच्या आंकड्यांवरून हवामान बदललें असें म्हणतां येत नाहीं. शास्त्रज्ञ त्यासाठीं तीस वर्षांची सरासरी धरतात. म्हणजे आज पांचवींतल्या मुलानें उघडलेली वही त्याच्या मुलांनीं पुढें चालवावी लागेल. शाळेसारखी दीर्घायुषी संस्था याच कामास योग्य होय.

पालकांसही एक विनंती आहे. शिक्षणाचें मोल किती दूर गेलें यावर ठरवूं नये. जळगांवजवळच्या आसोदें गांवच्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. परंतु शेत, पाखरूं, वारा यांकडे त्यांनीं ज्या बारकाईनें पाहिलें, त्यामुळें त्यांचीं गाणीं आज विद्यापीठांत शिकवितात. तें पाहणें त्यांस कोणत्या जहाजानें शिकविलें नव्हतें. आपल्या घरीं आजोबा-आजी असतील, तर त्यांच्या वेळीं पांझरेस वा गिरणेस पाणी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, हें मुलांस त्यांच्याकडून विचारून लिहून घेऊं द्या. अनेक लक्ष रुपये खर्चून मुलास बर्फ दाखविण्याचें सामर्थ्य ज्या थोड्यांपाशीं असेल, त्यांनीं त्याचा अल्पसा भाग गांवच्या शाळांस पर्जन्यमापक देण्यांत घातला, तर त्यांच्या मुलासही सोबती मिळतील.

ध्रुवावरील बर्फ आपल्या पाहण्यानें वांचणार नाहीं. तो वांचला तर माणसांनीं आपापल्या पाटावरचें पाणी जपून घेतल्यानें वांचेल. आणि जपून घेण्यास आधीं मोजतां आलें पाहिजे. येत्या मृगाच्या पहिल्या सरीचें माप आपल्या शाळेच्या वहींत पडलें, तर आमचेंही ध्रुवकार्य सुरू झालें असें खुशाल समजावें.