कॉलेज निवडताना: परभणीच्या पालकांना एक विनंती

बारावीचा निकाल लागला की जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरी, पूर्णा, कुठेही जा, घरोघरी एकच विचारणा चालते: "मग, कुठलं कॉलेज मिळालं?" उत्तरात पुण्या-मुंबईचं ऐकलेलं नाव आलं की विचारणाऱ्याचा चेहरा खुलतो. परभणीचं किंवा तालुक्याचं नाव आलं की तो "बरं" म्हणून विषय बदलतो. त्या एका "बरं"मुळे चांगली मुलं खट्टू होतात आणि त्याच "बरं"ला घाबरून बाप कर्ज काढतो. म्हणून पालकांना आणि मुलांनाही माझी कळकळीची विनंती आहे. कॉलेजचं नाव कशानं होतं हे आधी समजून घ्या. मग त्या नावासाठी किती पैसा मोजायचा, ते ठरवा.

पहिलं कारण वयाचं. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ सालचं, फर्ग्युसन १८८५ सालचं. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मराठवाड्यात औरंगाबादला १९२३ साली इंटरमिजिएट कॉलेज सुरू झालं. त्यापुढे शिकायचं तर हैदराबाद गाठायचं. १७ सप्टेंबर १९४८ला आपण मोकळे झालो आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० साली, बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं, ज्याला आज आपण मिलिंद म्हणतो. त्याच साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. परभणीचं कृषी महाविद्यालय १९५६चं, मराठवाडा विद्यापीठ १९५८चं. म्हणजे पुण्याला निदान साठ-सत्तर वर्षांची आघाडी मिळाली. तेवढ्या काळात तिथून वकील, न्यायाधीश, संपादक, मंत्री यांच्या तीन पिढ्या बाहेर पडल्या आणि जिथे गेल्या तिथे कॉलेजचं नाव सांगत राहिल्या. ज्याच्या आजोबांना गावात चौथीपुढे शाळा नव्हती, त्यानं या फरकाबद्दल स्वतःला कमी समजायचं काही कारण नाही.

दुसरं कारण निवडीचं, आणि ते पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. लातूरचं उदाहरण घ्या. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झालं, जनार्दन वाघमारे त्याचे पहिले प्राचार्य. पुढे बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं वर्षामागून वर्षं झळकू लागली, ती वर्तमानपत्रांत छापून आली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर गेला. त्यामागे शिक्षकांची खरी मेहनत होती: जादा तास, सततच्या चाचण्या, पेपर तपासून मुलाला त्याची चूक दाखवणं. पण नाव झाल्यावर आणखी एक गोष्ट घडली. परभणी, नांदेड, बीड, हिंगोलीची दहावीला अव्वल आलेली मुलं तिकडे जाऊ लागली. हुशार मुलं आली की निकाल चांगला लागतो, निकाल चांगला लागला की पुढच्या वर्षी आणखी हुशार मुलं येतात. नावाजलेल्या कुठल्याही कॉलेजच्या निकालात शिकवणं किती आणि निवड किती, हे वेगळं करून बघितल्याशिवाय त्या नावाची खरी किंमत कळत नाही. दहावीला साठ टक्के मिळवलेल्या मुलाला तिथे कोण आणि कसं शिकवतं, हा प्रश्न साठ टक्केवाल्याच्या बापानं विचारलाच पाहिजे.

कट-ऑफचंही तसंच आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी कट-ऑफची यादी हातात घेऊन पालक कॉलेजांची उतरंड लावतात. कट-ऑफ म्हणजे शेवटची जागा ज्या गुणांवर भरली तो आकडा. तो मागणी सांगतो. एकाच कॉलेजात संगणकाच्या शाखेचा कट-ऑफ वर असतो आणि सिव्हिलचा खाली; इमारत तीच, प्राचार्य तेच, ग्रंथालय तेच. सिव्हिलला वाईट शिकवतात असा त्याचा अर्थ होत नाही. जागा साठ असतील तर आकडा चढतो, एकशेवीस झाल्या की उतरतो. यंदाची मुलं गेल्या वर्षीचा आकडा बघून पसंतीक्रम भरतात, म्हणून पुढच्या वर्षीही तो साधारण तिथेच राहतो. वर्गात काय शिकवलं जातं, याचा या आकड्यात कुठेही समावेश नाही.

काही कॉलेजांचं नाव पसरत नाही याचं कारण तर फारच साधं आहे. शिवाजी महाविद्यालय परभणीत आहे, हिंगोलीत आहे, उदगीरला आहे, कंधारला आहे, अकोल्यालाही आहे. शिवरायांच्या नावानं संस्था काढणाऱ्यांची श्रद्धा मोठीच. पण मुलाखतीत मुलानं ते नाव सांगितलं की समोरच्याला कुठलं ते कळत नाही. मुलांनी अशा वेळी कॉलेजबरोबर गावाचं, विभागाचं आणि आपण केलेल्या कामाचं नावही ठामपणे सांगावं.

आता आपल्याच जिल्ह्याकडे बघा. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. २०१३ पासून ते वसंतराव नाईकांच्या नावानं ओळखलं जातं. दिल्लीच्या पुसा सावनी भेंडीवर हळद्या रोग फार यायचा, शिरा पिवळ्या पडून झाड वाया जायचं. इथल्या शास्त्रज्ञांनी तिचा एका रानभेंडीशी संकर करून रोगाला दाद न देणारा वाण काढला. ती 'परभणी क्रांती'. १९८०च्या दशकात ती बाहेर पडली आणि दुसऱ्या राज्यांतल्या शेतकऱ्यांच्या तोंडी परभणीचं नाव गेलं. ज्वारीत 'परभणी मोती' आला. २०१८ साली इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर काढलेली, लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' आली. नांदेडच्या संशोधन केंद्रातून आलेला एनएचएच ४४ हा संकरित कापूस किती तरी घरांच्या परसात रचला गेला. या वाणांसाठी कुणी जाहिरात केली नव्हती, पेरलेलं उगवलं एवढ्यावरच नाव झालं. आणि तरीही, त्याच विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या मुलाला परभणीतलाच माणूस "बाहेर नाही का मिळालं?" असं विचारतो, याचं मला वाईट वाटतं.

एका माणसामुळेही कॉलेजचं नाव होतं. नरहर कुरुंदकर मूळचे कुरुंद्याचे. ते गाव आता हिंगोली जिल्ह्यात आहे, पूर्वी परभणीत होतं. त्यांनी नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवलं, तिथेच प्राचार्य झाले, आणि महाराष्ट्रभरच्या वाचकाला ते कॉलेज कुरुंदकरांचं म्हणून ठाऊक झालं. असा एक शिक्षक विभागात असेल तर तीन वर्षांचं सोनं होतं. तो कुठल्या कॉलेजात आहे हे कुठल्या क्रमवारीत छापून येत नाही. माजी विद्यार्थ्यांना विचारूनच कळतं.

नावाला अर्थच नाही असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापनाला नावाचा उपयोग होतो. कंपन्या जिथे एका दिवसात पुष्कळ मुलं भेटतात तिथे जातात, आणि आधीच्या बॅचची मुलं कंपनीत असली की पुढच्यांना वाट मिळते. राज्याच्या यादीत वरचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मिळत असेल तर जरूर जा. पण एमपीएससी, बँक, शिक्षक भरती यांना मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते. कॉलेज गावातलं की शहरातलं, याला गुण नसतात. परभणीत किंवा सेलूत मन लावून बीएस्सी केलेली मुलगी 'जॅम' देऊन आयआयटीत एमएस्सीला जाऊ शकते. इंजिनिअरसाठी 'गेट' आहे, प्राध्यापक होऊ पाहणाऱ्यासाठी 'नेट' आणि 'सेट'. बारावीनंतर एक दार हुकलं तरी पदवीनंतरची दारं सगळ्यांना सारखीच उघडी आहेत. डॉक्टरकीत तर नीट एकच, अभ्यासक्रम एकच, आणि राज्यातल्या सरकारी कॉलेजांची परीक्षा घेणारं नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठही एकच. तिथे नावापेक्षा दवाखान्यात रुग्ण किती येतात आणि शिकवणारे डॉक्टर हजर असतात का, हे बघा. अंबाजोगाई हे तालुक्याचं गाव, पण तिथल्या मेडिकल कॉलेजमधून शिकून गेलेले डॉक्टर राज्यभर भेटतात.

कॉलेज बघायला जायचं तर प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नका; तेव्हा सगळीकडे रंगरंगोटी झालेली असते. पुढच्या वर्षी ज्यांची मुलं बारावी होतील त्यांनी दिवाळीनंतरच्या साध्या मंगळवारी-बुधवारी जावं. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात किती मुलं बसलीत ते बघावं. ज्या विभागात प्रवेश घ्यायचा तिथे पूर्णवेळ शिक्षक किती, तासिका तत्त्वावरचे किती आणि किती जागा रिकाम्या, हे सरळ विचारावं. यात संकोच करू नका. तासिका तत्त्वावरचे कित्येक जण जीव ओतून शिकवतात, पण पुढच्या वर्षी ते तिथे असतील का हे त्यांनाच माहीत नसतं. प्रयोगशाळेत जाऊन यंत्रावर धूळ आहे का ते बघा. ग्रंथालयात पुस्तकं घरी देतात का ते तिथे उभ्या असलेल्या मुलांना विचारा. वसतिगृहाचं आणि मेसचं खरं पहिल्या वर्षाची मुलं भीत भीत सांगतात. तिसऱ्या वर्षाची स्पष्ट सांगतात.

कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकची श्रेणी बघा, पण श्रेणीवर थांबू नका. कॉलेजनं नॅकला दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल बहुतेकांच्या संकेतस्थळावर असतो, त्यात शिक्षकांची आणि निकालांची माहिती असते. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्या शंभरातले दहा गुण 'लोकांना काय वाटतं' यालाच आहेत, म्हणजे नावाला नावाबद्दलही गुण मिळतात. वाचताना तेवढं ध्यानात ठेवा. आणि पसंतीक्रम भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशात पहिला पर्याय मिळाला की तोच घ्यावा लागतो, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. नेट कॅफेवाल्याच्या भरवशावर तो क्रम सोडू नका.

पैशाबद्दल एकच सांगतो. नुसत्या नावासाठी जमीन विकू नका. खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ठरलेली फी पाहा आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्या. राजर्षी शाहू शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना या मुदतीत अर्ज केला तरच मिळतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा.

आणि परभणी जिल्ह्यातल्या प्राचार्यांनाही एक विनंती. सेलू, जिंतूर, गंगाखेड, मानवत, पूर्णा इथल्या कॉलेजांमुळे एसटीनं येऊन-जाऊन शिकणाऱ्या हजारो मुली पदवीपर्यंत पोचल्या. त्यांतल्या कोण कुठे आहेत, हे तुमच्या दाराशी कुठे तरी वाचायला मिळावं. दर जूनमध्ये गेटवर मराठीत एक फलक लावा: कुठल्या विभागात किती पूर्णवेळ शिक्षक, किती जागा रिकाम्या, शेवटच्या वर्षाला किती मुलं बसली, किती पास झाली, आणि गेल्या पाच वर्षांतली मुलं आज काय करतात. रिकाम्या जागांचा आकडाही लपवू नका. तो वाचला की त्या भरण्यासाठी पालक तुमच्याबरोबर मंत्रालयापर्यंत येतील.