हिगाशी-कसाईत टेकडी कुठे आहे?

या सदरात आपण डब्यापासून पीटीएपर्यंत मुलांच्या शाळेचे बरेच विषय चघळले. यंदा पालकांच्या गटावर एकच विषय गाजतो आहे, तो म्हणजे एआय. एक जण विचारतो, "शाळेत एआय नीट कधी शिकवणार?" लगेच खाली दुसरा लिहितो, "मुलगी सगळा गृहपाठ एआयकडूनच करून घेते, काय करू?" मला या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच वाटतं, आणि ते कॉम्प्युटरच्या तासापेक्षा भूगोल, विज्ञान, इतिहास आणि भाषेच्या तासाला सापडेल असंही वाटतं.

आधी नियमांकडे पाहू. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये शाळांसाठी जनरेटिव्ह एआयविषयी तात्पुरती मार्गदर्शक सूचना काढली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती सुधारली. पहिल्याच सूचनेत योग्य-अयोग्य वापराची उदाहरणं दिली होती. एआयची चुकलेली उत्तरं मुद्दाम वर्गात आणून मुलांना त्यातली खोट शोधायला लावणं योग्य. कविता किंवा हायकू रचताना, किंवा एखादी गोष्ट वाचून मनात पहिल्यांदा काय आलं हे लिहिताना सुरुवातीपासूनच एआय हातात देणं अयोग्य. आपल्यातली जी मुलं इथल्या भारतीय शाळांत सीबीएसई शिकतात, त्यांच्या मंडळाने २०१९ मध्ये नववीला एआय हा ऐच्छिक विषय आणला. शिवाय सहावी ते दहावीच्या शिक्षकांसाठी, इतर विषयांत एआय कसं गुंफावं याची पुस्तिकाही काढली. म्हणजे दोन्हीकडची दिशा एकच आहे. प्रत्यक्ष वर्गात हे कसं दिसेल, एवढाच प्रश्न उरतो.

ते पाहायला आमच्या इमारतीतल्या सातवी-आठवीच्या पाच मुलांना एका रविवारी घरी बसवलं. प्रश्न एकच होता. "मी हिगाशी-कसाईत राहतो. मोठं वादळ येऊन नदीला पूर येणार असेल, तर मी कुठे जाऊ?" तो जपानी, इंग्रजी आणि मराठी अशा तीन भाषांत विचारायचा.

जपानी उत्तराने वॉर्डाचा हॅझर्ड मॅप पाहायला सांगितलं. इंग्रजी उत्तर म्हणालं, जवळच्या शाळेत किंवा इमारतीच्या वरच्या मजल्यावर जा. मराठी उत्तराने जवळच्या टेकडीवर जायला सांगितलं, ११२ नंबर फिरवायला सांगितला आणि तहसील कार्यालयाशी संपर्कात राहायचा सल्ला दिला. मुलं हसून हसून लोळली. हिगाशी-कसाईत टेकडी कुठली! आणि इथे आग किंवा रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११०, हे त्यांना बालवाडीपासून पाठ आहे.

मग एदोगावा वॉर्डाने मे २०१९ मध्ये काढलेला नकाशा टेबलावर पसरला. त्याच्या मुखपृष्ठावरच छापलंय, 'इथे थांबू नका'. वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाणीपातळीपेक्षा खाली आहे. महापूर आला तर पाणी एक-दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त हटणार नाही. म्हणून वेळ असताना वॉर्डाच्या बाहेर जा, असं नकाशा सांगतो. वरचा मजला हा वेळ हुकल्यावरचा पर्याय आहे. म्हणजे इंग्रजी उत्तर अर्धं बरोबर होतं आणि त्यावर कुणीही हसलं नव्हतं. टेकडीची चूक पाचही मुलांनी पकडली, वरच्या मजल्याची एकानेही पकडली नाही. हे लक्षात आल्यावर घरात जरा शांतता पसरली.

पुढचे दोन तास सगळे विषय आपसूक आले. जमीन इतकी खाली का? कारखान्यांनी भूजल उपसलं, वायू मिळवण्यासाठी खाऱ्या पाण्याचा उपसा झाला, आणि जमीन खचत गेली. टोकियो प्रशासनाने १९७२ मध्ये वायूसाठीचा उपसा थांबवला. हा इतिहास झाला आणि नागरिकशास्त्रही. वादळात समुद्र का चढतो? हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं. नेहमीचा दाब १०१३ आणि वादळात ९५०, तर किती? मुलांनी गणित करून ६३ सेंटिमीटर काढले. वाऱ्याने लोटलेलं पाणी त्यात धरलेलंच नाही.

याला मराठीत काय म्हणतात, यावर अडलं. एआयने जो जड शब्द दिला तो कुणाच्या तोंडी बसेना. एकाने चिपळूणच्या आजीला व्हिडिओ कॉल लावला. आजी म्हणाल्या, "अरे, उधाण म्हण की!" आणि मग २२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल सांगू लागल्या. "वरून पाऊस आणि खालून भरती एकदम आली, की वाशिष्ठीच्या पाण्याला जायला वाटच उरत नाही." आपल्या पूर्वेच्या जुन्या एदो नदीलाही हेच लागू आहे, हे मुलांनी स्वतः नकाशावर दाखवलं.

शेवटचा प्रश्न एका मुलीने विचारला, "मराठी उत्तरच एवढं का चुकलं?" खरा एआयचा धडा हाच. हे यंत्र माणसांनी लिहिलेल्या मजकुरावरून शिकतं. एदोगावाबद्दल जपानीत ढिगाने लिहिलेलं आहे, मराठीत जवळजवळ काहीच नाही. मग रिकामी जागा ते महाराष्ट्रातल्या एखाद्या गावाच्या माहितीने भरतं, आणि तेही अगदी ठाम आवाजात. हे कळायला मुलांना कोडिंगची एक ओळही लिहावी लागली नाही.

म्हणूनच मुलांच्या मराठी लेखनाबद्दल थोडं आग्रहाने सांगतो. आपल्या मुलांचं मराठी अडखळतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, मध्येच जपानी शब्द येतो. यंत्राचं मराठी गुळगुळीत असतं. मंडळाच्या अंकासाठी निबंध द्यायचा म्हटल्यावर मोह होणारच. पण हिगाशी-कसाईबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं नाही, म्हणूनच तर यंत्र टेकडी दाखवतं. ती उणीव इथे राहणारी मुलंच भरून काढू शकतात. आधी त्यांना लिहू द्या, यंत्राला मागाहून विचारा, आणि त्याने काय बदललं ते पोरांना शोधू द्या.

दिवाळीच्या सुट्टीत एवढं करून पाहा. नकाशा वॉर्ड कार्यालयात मिळतो, इंग्रजीतही आहे. तोच प्रश्न तुमच्या घरच्या सगळ्या भाषांत विचारा. प्रत्येक उत्तरावर मुलांना तीनच गोष्टी विचारा: हे कुणी सांगितलं, ते कुठे पडताळता येईल, आणि आपल्या पत्त्याला ते लागू पडतं का? एआय वापरायचं तर त्या सेवेच्या अटींतलं वय आणि पालकांची संमती आधी पाहून घ्या. आणि नकाशा कपाटात ठेवू नका, फ्रिजवर लावा. वादळाचा हंगाम पुढच्या वर्षीही येणारच आहे.