बिस्किटाच्या पुड्यामागे चाललेले कुत्रे

पाऊस ओसरला, की रविवारी पहाटे पुण्या-मुंबईहून सह्याद्रीकडे निघणाऱ्या गाड्यांत हल्ली पाठपिशव्यांच्या जोडीला एखादे कुत्रेही दिसते. यात गैर काहीच नाही. धनगरांची कुत्री पिढ्यानपिढ्या याच डोंगरांत हिंडली आणि धर्मराजाच्या शेवटच्या चढणीलाही सोबत उरले ते कुत्रेच. फरक एवढाच, की धनगराचे कुत्रे रोज डोंगर तुडवते. आपले आठवडाभर फरशीवर लोळते आणि रविवारी एकदम गड चढू लागते.

वाट कशी आहे हे आपण बुटाच्या तळव्यावरून ठरवतो. कुत्रे अनवाणी असते! उन्हात तापलेल्या काळ्या कातळावर तळहात टेकवून पाहावा. तो तिथे पाच-सात सेकंदही ठेववत नसेल, तर पंजेही पोळणारच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; धापा टाकूनच ते अंग निववते. सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेने चढणारा माणूस लिंबू-सरबत पिऊन घेतो. कुत्र्यासाठी पाण्याची वेगळी बाटली कितीजण नेतात?

दिवाळीनंतर दुसराच वैरी उभा राहतो, तो म्हणजे कुसळ. वाळलेल्या गवताचे हे टोकदार बी शिरते ते पुढेच सरकते, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात किंवा कानात गेले, की आत गळू धरते. म्हणून घरी परतल्यावर, कितीही दमणूक झालेली असो, त्याच रात्री पंजे आणि कान चाचपून पाहावेत. गोचिडीही तेव्हाच सापडतात. आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर पट्टा मनगटाला गुंडाळून चालू नये. एकाचा पाय घसरला तर दोघेही जातात.

हे झाले घरच्या कुत्र्याचे. त्याची काळजी करायला धनी तरी असतो. आम्हाला अधिक घोर वाटतो तो गावातून मागे लागणाऱ्या कुत्र्याचा. गुंजवण्याहून राजगड चढताना बिस्किटाचा पुडा फुटला, की एखादे कुत्रे मंडळींचे होऊन जाते. त्याला लाडाने नाव मिळते, फोटो निघतात. संजीवनी माचीवरून उतरून मंडळी तोरण्याच्या धारेला लागतात, तेही पुढे पळत असते. वाटेत शिडी आली, की कुणीतरी त्याला उचलून वर घेतो. संध्याकाळी सारे वेल्ह्यात उतरतात, चहा घेतात, गाडीत बसतात. कुत्रे रस्त्यावर उभे! ते कुणाच्या तरी अंगणातले, रात्री गोठा राखणारे असते. परक्या गावची कुत्री त्याला शिवेवर टिकू देत नाहीत, आणि डोंगरातून रात्री एकट्याने परतायचे तर बिबट्या आहेच. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला.

धोका उलट बाजूनेही आहे. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा काहींच्या अंगात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग कुत्र्यांतही असतो. तेव्हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यासारख्या ठिकाणी घरचे कुत्रे नेण्याचा हट्ट नकोच, मग ते कितीही गुणी असो. इतरत्र न्यायचे तर रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी आधी टोचून घ्याव्यात.

आणि गावात असेपर्यंत बिस्किटे पिशवीतच राहू द्यावीत. तरीही कुत्रे मागे आलेच, तर पहिल्या चढाआधी दरडावून परतवावे. मुलांना ते निर्दयपणाचे वाटेल, त्यांना कारण सांगावे. ऐकलेच नाही, तर ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने उतरावे. तोरण्यापर्यंत आलेच असेल, तर गाडीत घालून त्याच्या गावी नेऊन सोडावे. वेल्ह्याहून गुंजवण्याला गाडीरस्ता आहे.