विश्लेषण : एसएसडी अडखळली म्हणजे बिघडलीच का?

नौपाड्यातील एखाद्या लहान कार्यालयात जुन्या संगणकाला एसएसडी बसवून लिनक्स टाकले, की तो पुन्हा पळू लागतो. मग एके दिवशी काम करताना तो अर्धा मिनिट गोठतो आणि आपोआप पूर्ववत होतो. 'डिस्क गेली, नवी घ्या,' हा सल्ला लगेच मिळतो. तो अनेकदा घाईचा असतो.

नेमके काय अडते?

गोखले रोडवरच्या पोळी-भाजी केंद्रात गर्दीच्या वेळी एकेक ऑर्डर पूर्ण करत बसत नाहीत. चिठ्ठ्या एकत्र घेऊन सोयीच्या क्रमाने पदार्थ देतात. साटा एसएसडी हेच करते. 'एनसीक्यू' या पद्धतीत ती एका वेळी 32 आज्ञा रांगेत घेते. डिस्क आणि मदरबोर्डवरील कंट्रोलर यांचे या रांगेबाबत जुळले नाही, तर एखादी चिठ्ठी हरवते. लिनक्स साधारण 30 सेकंद उत्तराची वाट पाहते, मग जोडणी नव्याने सुरू करते. गोठणे ते हेच.

दोष कोणाचा?

2015 मध्ये अल्गोलिया कंपनीच्या सर्व्हरवरील डेटा बिघडू लागला, तेव्हा संशय सॅमसंगच्या एसएसडींवर गेला. प्रत्यक्षात चूक लिनक्सच्या रेड आणि ट्रिम हाताळणाऱ्या भागात निघाली. ती सॅमसंगच्या अभियंत्यांनीच दाखवून दिली. 2021 मध्ये उलट घडले. सॅमसंग 860 आणि 870 एसएसडींचे एएमडीच्या जुन्या, एटीआय काळातील कंट्रोलरशी जुळत नसल्याने लिनक्सने या जोडीसाठी एनसीक्यूच बंद केले. दोन्ही वेळा निर्णय पुराव्यावर झाला. घरच्या संगणकालाही तोच न्याय हवा.

तपास कसा करावा?

आधी डेटाची प्रत दुसरीकडे घ्यावी. मग 'डीमेसेज'मधील नोंदी वाचाव्यात. 'एफपीडीएमए क्यूड' आज्ञा फसल्याची आणि पाठोपाठ लिंक रीसेट झाल्याची नोंद असेल, तर रांगेवर संशय घेता येतो. मात्र ती खूण निर्णायक नाही, कारण सैल केबलनेही असेच होते. म्हणून 'स्मार्टसीटीएल'ने सीआरसी चुकांचा आकडा पाहावा. तो वाढत असेल, तर आधी केबल बदलावी. ती डिस्कपेक्षा कितीतरी स्वस्त असते.

आकडा स्थिर असेल, तर 'क्यू डेप्थ' 1 करून काही दिवस पाहावे. फ्रीबीएसडीत हे काम 'कॅमकंट्रोल' करते. गोठणे थांबले, तर माग लागला. तरीही थांबले नाही, तर डिस्क किंवा वीजपुरवठा तपासावा. एनव्हीएमई डिस्कची रांगपद्धत वेगळी असल्याने तिला ही कसोटी लागू नाही.

मग रांग बंदच ठेवावी?

नाही. ती बंद ठेवल्यास अनेक कामे एकाच वेळी चालताना वेग घटतो. डिस्कचे फर्मवेअर, बायोस आणि कर्नल अद्ययावत करून रांग पुन्हा सुरू करून पाहावी. त्यानंतरही अडचण राहिली, तरच ती कायमची बंद ठेवणे योग्य.

सदोष जोड्यांची यादी लिनक्सच्या कर्नलमध्ये सर्वांना वाचता येते. डिस्क कंपन्यांनीही खोक्यावर वेगाचे आकडे मिरवताना कोणत्या कंट्रोलरशी जुळत नाही, हे तितक्याच ठळकपणे सांगायला हवे. तोवर खिशात हात घालण्याआधी ग्राहकाने नोंदी वाचलेल्या बऱ्या.