जुना संगणक टाकावा का?

कार्यालयांनी काढून टाकलेले संगणक बाजारात स्वस्त मिळतात. परंतु ते मंद असतात म्हणून विद्यार्थी त्यांच्याकडे पाठ फिरवतात. हा निवाडा घाईचा आहे. दोष बहुधा प्रोसेसरचा नसून हार्ड डिस्कचा असतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर माहिती शोधण्यातच वेळ जातो. तिच्या जागी फिरते भाग नसलेली एसएसडी बसवली आणि रॅम ४ जीबीवरून ८ जीबी केली, की तेच यंत्र तत्परतेने चालू लागते. (रॅम डीडीआर३ की डीडीआर४, हे आधी पाहावे, एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.) महागडे ग्राफिक्स कार्ड मात्र येथे व्यर्थ. विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबल्या आणि अनेक जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, ही अडचण खरी. तथापि लेखन, वाचन व हिशेब यांसाठी विनामूल्य लिनक्स पुरेसे ठरते.