ताशी किती नव्हे, एकरी किती?

"आमचा ट्रॅक्टर ताशी चारच लिटर डिझेल पितो," असे कोणी कौतुकाने सांगितले, की लगेच विचारावे, तासात नांगरतो किती?

समजा, एक ट्रॅक्टर ताशी ४ लिटर पितो आणि एकर नांगरायला दीड तास घेतो. म्हणजे एकरी ६ लिटर. दुसरा ताशी ५ लिटर पितो, पण तासात एकर उरकतो. म्हणजे एकरी ५ लिटरच. दहा एकरांत १० लिटर डिझेल वाचले, शिवाय पाच तासही. तुलना मात्र एकाच रानात, सारख्या ओलीवर, सारख्याच खोलीच्या नांगरटीची हवी. नाहीतर हिशेब फसवा.

मोजणी घरीच होते. सपाट जागी इंजिन बंद करून टाकी पूर्ण भरावी. एकर नांगरून त्याच जागी यावे व मापाने पुन्हा तेवढीच भरावी. जेवढे डिझेल बसले तेवढा एकरी खर्च. पुस्तिकेत आकडा हेक्टरी असेल तर अडीचने भागावे. नेमका भागाकार २.४७ चा, पण बांधावर अडीच पुरे.

ट्रॅक्टर भाड्याने लावणाऱ्यांनी ताशी भाड्याला एकराला लागणाऱ्या तासांनी गुणावे, मगच दर ठरवावा.