स्विफ्टला लॅम्बोर्गिनीचा बंपर बसवला, तर केस कोणावर होते?

जुनी गाडी घ्यायची, कापायची, वर फायबरचे पॅनल चढवायचे आणि 'सुपरकार' म्हणून रील टाकायची. आसाममधल्या करीमगंजच्या एका मेकॅनिकने स्विफ्टची लॅम्बोर्गिनी केली, पुढे तशीच एक गाडी मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांना भेटही दिली. मुंबईला हे वेड नवं नाही. २००४ च्या 'टारझन: द वंडर कार'मधली गाडी मुळात टोयोटा एमआर-२ होती, दिलीप छाब्रियांच्या 'डीसी'ने बदललेली.

पण सिनेमातली गाडी आणि इंद्रलोकमधून दहिसर चेकनाक्याकडे रोज जाणारी गाडी यात फरक आहे. मिरा-भाईंदरला २०२५ मध्ये एमएच-५८ हा स्वतःचा आरटीओ क्रमांक मंजूर झाला, म्हणून हा प्रश्न आता घराजवळचा.

सगळ्यात जास्त खटपट बंपरची असते. बाजारात मिळणारा बंपर खऱ्या सुपरकारच्या मापाचा, आणि खालची गाडी अरुंद. मग तो मधून कापतात, फायबरची चटई आणि रेझिन लावून जोडतात, पुट्टी घासतात. कंपनीचे बंपर बहुतेक पॉलीप्रॉपिलीनचे असतात. त्यावर रेझिन नीट धरत नाही, प्लास्टिक वेल्डिंगच करावं लागतं. फायबर वाकत नाही, तडकतं. आणि जागा करायला आतला लोखंडी बीम कापला, की धडकेचा जोर झेलणारा भागच गेला. एअरबॅगचे पुढचे सेन्सरही याच भागात असतात. क्रॅश गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं, ते पादचाऱ्यांच्या आणि गाडीतल्यांच्या सुरक्षेसाठीच.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. याच कलमात 'बदल' म्हणजे मूळ वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला फेरफार, अशी व्याख्या आहे. त्यामुळे नुसता बंपर बदलला तर वाद घालायला जागा उरते. अख्खी स्विफ्ट लॅम्बोर्गिनी झाली, तर माझ्या मते नाही.

शिक्षा? कलम १८२अ(४): सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. बंपर, बोनेट, दरवाजे वेगवेगळे धरले तर हिशेब पटापट वाढतो. आणि हे पोटकलम गाडीमालकाबद्दल आहे, कापणाऱ्या गॅरेजबद्दल नाही!

विम्याचं दुखणं वेगळंच. बदल कंपनीला कळवला नसेल, तर अपघातानंतर सर्व्हेयर गाडी बघतो तेव्हा पहिला प्रश्न त्या बंपरचाच येतो, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथेच अडकू शकतो.